कर्नलसाठी विजेचं कुंपण

ब्रह्माघाट, वाराणसी
१९ जानेवारी २०२५

चि. हिमानीस,
अनेक आशीर्वाद. थंडी हाडांत शिरली आहे, पेन्शन वेळेवर येते आहे, मी बरी आहे.

कर्नलसाठी तू पुण्याहून पाठवलेलं विजेचं कुंपण पोहोचलं. कुंपण कसलं, एक डबा आणि एक पट्टा! डबा घरात ठेवायचा, पट्टा कुत्र्याच्या गळ्यात. हद्दीपाशी गेला की आधी पिपाणी, मग झटका. सोबतचं पत्रक नीट वाचलं. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मारून मुटकून शिकवलेलं इंग्रजी म्हातारपणी या कामाला आलं.

आधी पट्टा हातात धरून मीच घरभर फिरले. डब्याची हद्द गोल, आणि आपलं घर गल्लीत चेपलेलं, लांबट. हद्द मोठी ठेवली तर ती शेजारच्या विश्वेशच्या देवघरात जाते. लहान केली तर माझ्याच स्वयंपाकघरात झटका. मला बसला, दुधाचं भांडं पडलं. शिवाय हे कुंपण अडवणार फक्त कर्नलला. गच्चीवरून उतरणाऱ्या माकडांना कोण अडवणार? त्यांच्यामागे भान विसरून तो बाहेर धावला, तर झटक्याच्या भीतीने घरी परत यायचा नाही.

तक्रार तुला ठाऊकच आहे. विश्वेश पौरोहित्य करतो. पहाटे पंचगंगा घाटावर बुडी मारून सोवळ्यात परततो आणि कर्नल त्याला प्रेमाने चाटतो. की पुन्हा गंगा!

"काकी, या जाड्यात, असल्या थंडीत मला निमोनिया करवणार तुमचा कर्नल!"

"कुत्र्याने चाटून जातं, ते सोवळं फारच कच्चं," मी म्हटलं. तेव्हापासून अबोला.

दार उघडं कसं राहतं, असं तू फोनवर विचारलंस. मी म्हटलं, कडी सैल आहे. कडी उत्तम आहे. दार मीच उघडते. दिवाळीनंतर मी घाटाच्या पायऱ्यांवर पडले. कर्नलने ओढलं नव्हतं, माझाच पाय घसरला, हे दोनदा वाच. तेव्हापासून गुडघा चालू देत नाही, म्हणून त्याला एकट्याला सोडते. तुला कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मावशी, आता कुत्रा देऊन टाक."

काल शेवटी विश्वेशला हाक मारली.

"आंघोळीला जाताना तू पारोसाच असतोस ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे तेव्हा कर्नल शिवला तरी चालतं. आधी त्याला गल्लीत फिरवून आण, घरी सोड, मग जा गंगेवर."

"आणि तुम्ही का नाही नेत?"

सांगावं लागलं. तो खाली माझ्या पायाकडे बघत राहिला.

"आधी बोलायचं होतं की, काकी! उगाच दोन-दोनदा नहालो मी."

आज घेऊन गेला. साखळी दोन बोटांत धरली होती, मेलेला उंदीर धरावा तशी. पण नेलं, आणि आणून सोडलं.

कुंपण परत पाठवते आहे, राग मानू नकोस. गुडघा तू म्हणशील त्या डॉक्टरला दाखवेन. कर्नलला मात्र देणार नाही. हा विषय फोनवर काढू नकोस. मी भांडेन, आणि हल्ली भांडूनही दम लागतो.

अजून दोघांचं घर चालवणारी,
तुझी
शरदिनीमावशी