खाडीची चाळीस मिनिटं

आये, तू गेलीस त्याला वीस वर्षं होऊन गेली. तुला वाचता कधी आलं नाही, तरी लिहायला बसलेय, कारण या महिन्यात जे घडलं ते दुसऱ्या कोणाला सांगितलं तर अर्धंच कळेल. आधी माझं काम सांगते. मी कंप्यूटरसाठी प्रोग्राम लिहिते, आणि हल्ली ते आपल्याच घरी बसून करते. तुझ्या चुलीच्या जागी माझं टेबल आहे. या धंद्यात एक मौज आहे. जगभरची माणसं आपण लिहिलेले प्रोग्राम इंटरनेटवर उघडे ठेवतात. कोणीही घ्यावेत, वापरावेत, चूक दिसली तर दुरुस्त करून परत द्यावेत. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी त्यात हिंडते, बाजारात गेलेली बाई काही घ्यायचं नसलं तरी चार टोपल्यांत हात घालते तशी. कधी हजारो फायलींतून हवी ती ओळ चुटकीसरशी शोधणारं अवजार मिळतं, कधी माझं गबाळं लिखाण नीट विंचरून देणारं. 'फुकट का देतात?' असं तू नक्की विचारलं असतंस. मलाही पहिली दोन वर्षं संशयच होता. पण कालवांच्या शिंपांनी भरलेला खडक सापडला की तू एकटी बसायची नाहीस, हाळी देऊन बाकीच्या बायकांना बोलवायचीस आणि मी चिडायचे. तेव्हा ही माणसं असं का करतात ते मला कळत नाही, असं म्हणायची सोय नाही.

अशाच एका शनिवारी भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा प्रोग्राम सापडला. बंदर सांगा, तारीख सांगा, पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार ते मिनिटासकट हजर. मी खुर्चीतून उठून थोडीशी नाचलेसुद्धा. कारण तू गेल्यापासून कालवं काढणाऱ्या बायकांची पंचाईत झाली होती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणारी तू एकच होतीस. तुझ्यानंतर शेजारची काकी अंदाजाने सांगायची, पण आता तिच्याही लक्षात तिथी राहत नाही. आपली खाडी त्या यादीत नव्हती, म्हणून मुंबई बंदराच्या वेळा धरून मी दोन दिवसांत फोनवर उघडणारं एक पान केलं, मोठ्या अक्षरांत एवढंच सांगणारं, की आज घरातून किती वाजता निघायचं. पुनवेच्या उधाणाला सहा बायका ते पाहून निघाल्या आणि खाडीत मांडीभर पाण्यात ताटकळत उभ्या राहिल्या. खडक वर यायचं नाव घेईनात. दोघींना पोरांना शाळेत धाडायचं होतं, त्या रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या. खडक नीट उघडे पडतात ते महिन्यातले मोजकेच दिवस, त्यातला एक मी त्यांचा फुकट घालवला. काकी ओल्या लुगड्यानिशी माझ्या दारात आली.

"काय गो, तुझा कंप्यूटर मुंबईची सुकती सांगतंय. आपली खाडी मागून सुकतंय, ठाव न्हाय तुला? आवसेला परत असा झाला तर आमी तुला इचारनार न्हाय."

आपली ओहोटी किती मागून, असं मी विचारलं तर तिला सांगता येईना. कोणी कधी मोजलंच नव्हतं. ती म्हणाली, "तुझी आय घरातून निघाली का आमी निघायचो. घड्याळ कोनाकडं होता?"

घड्याळ माझ्याकडे होतं, आये. मी पाचवीत आहे, मामाने दिलेलं नवंकोरं घड्याळ मनगटावर आहे आणि तू तव्यासमोर बसली आहेस. तृतीया आहे. पाऊणपट मी करून दाखवते: सव्वादोनला भरती, सव्वाआठला ओहोटी, म्हणजे तासभर आधी, सव्वासातला निघायला हवं. सव्वासात होतात आणि तू निवांत पहिली भाकरी थापायला घेतेस. मी मास्तरीण असल्यासारखी दरडावते की तू रोज उशीर करतेस, म्हणूनच आपलं कधी काही होत नाही. हे शेवटचं मी कुठून उचललं होतं कोण जाणे. तू रागावत नाहीस. भाकरी उलटतेस आणि म्हणतेस, "खाडीला घाई न्हाय. आठ भाकऱ्या होऊं दे." तो आळस आहे असं मी तेव्हा ठरवलं आणि नंतर कधी तपासून पाहिलं नाही.

काकी गेल्यावर मी तांदळाचं पीठ आणलं, फोनवर वेळ लावली आणि भाकऱ्यांना बसले. पहिली फाटली, दुसरी तव्याला चिकटली, तिसरीचा आकार सांगण्यासारखा नाही. आठ भाकऱ्यांना सव्वातास लागला. माझ्या हातावर विसंबलं असतं तर बायका खडकावर पोचेपर्यंत पाणी पुन्हा चढायला लागलं असतं. शेवटी काकीलाच बोलावलं. माझा ढीग बघून ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग तिने आठ केल्या. चाळीस मिनिटं. पण एवढ्यावर बायकांना परत पाण्यात पाठवायची माझी हिंमत नव्हती. चार दिवस मी स्वतः चिखलात काठी रोवून उभी राहिले आणि आपल्या खाडीचं पाणी बंदरानंतर किती वेळाने तळाला जातं ते लिहून काढलं. अडतीस, बेचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. चौथ्या दिवशी मला तिथेच हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. तुला आळशी ठरवून मी इतकी वर्षं खुशाल राहिले, याची फार लाज वाटली.

त्या प्रोग्रामात सोय होतीच, की मोठ्या बंदराच्या वेळेत आपल्या जागेपुरती मिनिटं वाढवता येतात. मी चाळीस वाढवली. अवसेला सहाच्या सहा बायका गेल्या. मीच बळंबळं कबूल करून घेतलं होतं. मला त्या सकाळी चहाही गेला नाही. दुपारी काकी आली, वाटीभर सोललेली कालवं माझ्या कीबोर्डाशेजारी ठेवून गेली. आता रोज कोणीतरी विचारतं की पान उघडत का नाही, आणि दर वेळी फोनचा नेटपॅक संपलेला असतो.

घेतलं तर दिलंही पाहिजे, म्हणून आपल्या खाडीची मिनिटं मी त्या मूळ प्रोग्रामात जोडायला पाठवली. तो सांभाळणारा गृहस्थ परदेशात कुठेतरी असतो, त्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही. त्याने विचारलं, या आकड्यांना आधार काय? मी काठीची मोजणी पाठवली आणि खाली लिहिलं, की मूळ निरीक्षण माझ्या आईचं आहे, तिने पंचवीस वर्षं याच खाडीत कालवं काढली. दोन दिवसांनी त्याने आकडे घेतल्याचं कळवलं आणि शेवटी एक ओळ लिहिली, तुमच्या आईला आम्हा सगळ्यांतर्फे धन्यवाद सांगा. मी लगेच उत्तर दिलं, सांगते.

ते सांगायला हे पत्र, आणि ते इथेच टेबलाच्या खणात राहील. तू नाहीस हे त्याला कळवायला हवं होतं. तिथे लिहिलेलं उत्तर नंतरही बदलता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. मी अजून बदललेलं नाही.