गुरुवारी ती येते

सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रिय धाकटोबा,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे हिंडतेफिरते आहेत. तुझ्या दाजींची कंबर पुन्हा धरली होती. बायको दिवसभर परक्यांचे पाय चोळते आणि घरच्या कंबरेला मुहूर्त लागत नाही, असं शेजाऱ्यांना सांगत सुटले होते. शेवटी परवा त्यांना क्लबात नेऊन माझ्या मसाजच्या टेबलावर पालथं झोपवलं. हात लावायच्या आधीच घोरायला लागले.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू माझं बोलणं हसण्यावारी नेतोस. शिवाय तुझ्या फोनच्या आसपास कायम तुझ्या मैदानावरच्या पोरी असतात, आणि त्यांतली एक माझी आहे.

तिच्याबद्दल आधी चांगलं सांगते. मागच्या शर्यतीनंतर तू चार लोकांत म्हणालास, "ताईच्या हातांमुळे पोरगी दर आठवड्याला नव्यासारखी उभी राहते." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तुझं वेळापत्रकही मला पटतं. मंगळवारी आणि शनिवारी तू त्यांना दमवतोस, मधल्या गुरुवारी त्या हलकं पळून माझ्याकडे येतात. आखडलेले स्नायू सुटतात, शनिवारी पाय पुन्हा तयार. नेमानं केला तर मसाजचा उपयोग होतोच, हे मी येईल त्याला सांगते आणि त्यात खोटं काही नाही.

हॉस्टेलवर गेल्यापासून ती घरी पाहुण्यासारखी येते. पण गुरुवारी टेबलाच्या भोकात तोंड घातलं की बोलायला लागते. समोर आईचा चेहरा दिसत नाही, म्हणून असेल. मैत्रिणींची भांडणं, खोलीतला गळका नळ, मैदानावर मामाला 'सर' म्हणताना येणारं हसू, सगळं मला तिच्या पाठीकडून कळतं. आठवड्यातला तेवढा एक तास ती माझी असते.

हल्ली तिला माझ्या खोलीत थंडी वाजते. हीटर लावला, दोन टॉवेल घातले, तेल कोमट केलं, तरी अंगावर काटा येतो. पाठीवर बारीक लव आली आहे. पायांवर घेऊन तिला चोळायची तेव्हा होती, अगदी तशी. पोटऱ्या माझ्या मुठीत मावतात. पाळीचं विचारलं तर म्हणाली, "बरंय की, कटकट गेली." हे भावाला लिहायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं.

ती जेवत नाही रे.

तू दर सोमवारी वजनं घेऊन फळ्यावर लिहितोस, हे तिनंच सांगितलं. तू कुणाला उपाशी राहा म्हणाला नसशील, तेवढं मी तुला ओळखते. आकडा खाली आला की तू "शाब्बास" म्हणतोस, बस. मामाच्या शाब्बासकीवर ती लहानपणापासून जगते. मी तिला केळं आणि उकडलेली अंडी दिली. "खोलीवर खाते," म्हणाली. घरी जाताना मला ते केळं दाराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात दिसलं.

नडगीवर एक जागा आहे. तिथे बोट टेकलं की ती पाय ओढून घेते. ते दुखणं हाडाचं आहे आणि हाडापुढे माझं काही चालत नाही. क्लबातल्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, तिला घेऊन या. तिला म्हटलं, ती म्हणाली, निवड चाचणी झाल्यावर. तुझे दाजी तिच्या बातम्यांची कात्रणं कपाटावर चिकटवतात आणि म्हणतात, पोरगी खूश आहे ना, मग झालं.

मागे एकदा मी तिला रागावले होते. पुढचे दोन गुरुवार ती आलीच नाही. कुणाचं तरी ते बंदुकीसारखं मसाजचं यंत्र आणून स्वतःच पायांवर फिरवत बसली. मग पोटरीत गोळा आला तेव्हा लंगडत दारात उभी राहिली. "आई, बोलू नकोस. नुसतं कर," म्हणाली. मी नुसतं केलं.

धाकटोबा, मी तिला दर गुरुवारी बरी करून देते, म्हणून ती पुन्हा उपाशीपोटी पळू शकते. माझे हात इतके चांगले नसते तर ती केव्हाच थांबली असती. एकदा मी मुद्दाम वरवर हात फिरवून पाठवलं. शनिवारी ती तशीच पळाली, शेवटच्या फेरीला रडत होती म्हणे. तेव्हापासून पुन्हा मन लावून करते. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

मागच्या गुरुवारी टेबलावरून उतरताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "मामाला सांगितलंस तर मी परत येणार नाही." मोजे घालताना माझ्याकडे पाहत होती. ती खरंच तसं करेल, आपल्याच घरातली आहे.

तरी लिहिलं. फळा पुसून टाक. तिला पळू देऊ नकोस, डॉक्टरांकडे तू ने. तुझ्यावर रुसेल, पण मैदान सोडून कुठे जाणार नाही. मी लिहिलं हे सांगू नकोस, असं लिहिणार होते. पण या गोष्टी माझ्या हातांशिवाय कुणाला ठाऊक आहेत? तिला लगेच कळेल.

पत्र बुधवारपर्यंत मिळेल. गुरुवारी मी खोली गरम करून ठेवीन, टॉवेलही. ती आली तर समजेन की तू वाचून खिशात घातलंस, आणि तिचे पाय मोकळे करून देईन, दुसरं मला काय येतं. नाही आली, तर तू बोललास.

ती येऊ नये, अशी वाट बघणारी,

तुझी ताई