शेवटच्या खुंटीपुढची भिंत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पूरसंरक्षण कामे, नदीकाठ उपविभाग,
पुणे.

विषय : निळकंठ कॉलनीच्या नियोजित पूररोधक भिंतीस अर्जदाराच्या पत्नीचे दिलेले नाव काढणे, तसेच ती भिंत वीटभट्टी वस्तीच्या टोकापर्यंत नेणे अथवा मुळीच न बांधणे, याबाबत हरकत.

संदर्भ : दि. २१ जानेवारी २००७ रोजी कॉलनीच्या सभागृहात झालेली जनसुनावणी व तिचे इतिवृत्त.

साहेबांस नमस्कार.

१. गेल्या श्रावणात पूर आला, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी चौकीतला हवालदार अर्जदाराच्या दारात आला. टोपी काखेत धरून त्याने विचारले, "बाईंच्या हातात बांगड्या कसल्या होत्या?" अर्जदाराला सांगता आले नाही. सगळा संसार त्या हातचे जेवण जेवून झाला, पण बांगड्या आठवेनात. शेवटी सून नम्रता आतून म्हणाली, "हिरव्या. आणि डाव्या हातात एक पाटली." हवालदाराने मान खाली घातली. अर्जदाराची पत्नी मैनाबाई गेली हे घरात तेव्हा कळले. तोवर ती कुठल्यातरी शाळेत, लोकांत असेल, असे सगळे एकमेकांना सांगत होते.

२. अर्जात 'मी' लिहू नये, 'अर्जदार' लिहावे, असे आपल्या कचेरीबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाने सांगितले. ते बरे झाले. पुढचे 'मी' म्हणून सांगणे अर्जदाराला जड गेले असते.

३. पुराच्या दिवशी पहाटे धरणातून पाणी सोडत असल्याचे सांगणारी जीप कर्णा लावून कॉलनीच्या फाटकापर्यंत आली आणि तिथून वळली. पुढे नदीच्या वळणावर वीटभट्टी वस्ती आहे, पण तिकडचा रस्ता चिखलाचा आहे. कॉलनीतली मंडळी आपापल्या गाड्या चढावर नेण्यात गुंतली होती. मैनाबाईने स्वयंपाकघरातून विचारले, "अहो, खाली भट्टीवर कुणाला ऐकू गेलं असेल का?" अर्जदार म्हणाला, "सांगेल कुणीतरी." स्टीलचे ताट आणि पळी घेऊन चपला घालता घालता ती म्हणाली, "शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. आलेच मी."

वस्तीतले लोक परभणी, बीडकडून आलेले. निळकंठ कॉलनीच्या इमारती त्यांनीच उभ्या केल्या आणि काम संपल्यावर ते खाली भट्टीजवळ राहिले. त्यांच्या बायका कॉलनीत धुणीभांडी करतात. अर्जदाराकडे मुक्ताई नावाची बाई येते. मुक्ताई सांगते की बाई दारोदार ताट बडवत फिरल्या, आणि जे उठेनात त्यांच्या पत्र्यावर पळी मारली. पोरे, म्हाताऱ्या, कोंबड्या, सगळे वर शाळेत पोचले. बाई सर्वांत मागे होत्या. परतताना काठाची माती पायाखालून गेली. शिट्ट्या झाल्या आणि अर्जदाराने गॅस बंद केला होता.

४. पुराचे पाणी कॉलनीतही आले. सोसायटीचे सचिव श्री. आमोद गुर्जर हिंजवडीला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. तळमजल्यावर त्यांच्या आईचा पलंग आईसकट तरंगत होता. तेव्हापासून भिंतीसाठी त्यांनी जिवाचे रान केले. अर्जदाराचा त्यांच्यावर राग नाही, हे कृपया नोंद व्हावे. खर्चाचा काही भाग सरकारचा आणि काही रहिवाशांचा, असे ठरले. म्हणून जेवढ्या लोकांनी वर्गणी कबूल केली तेवढ्यांच्याच हद्दीपुरती भिंत आखली गेली. सुनावणीची नोटीस ई-मेलने गेली आणि लिफ्टशेजारी लागली. वस्तीत ई-मेल नाही, आणि लिफ्ट नाही हे सांगायला नको.

५. सुनावणीला अर्जदार मागच्या रांगेत बसला होता. श्री. गुर्जर यांनी उभे राहून सुचवले की आजच्या सभेचे अध्यक्षस्थान श्री. श्यामसुंदर खळदकर, म्हणजे अर्जदार, यांनी स्वीकारावे. लगेच कुणीतरी अनुमोदन दिले. आपल्याकडची रीत आपणास ठाऊक आहे. हात धरून पुढे नेले, शाल घातली, मांडीवर नारळ ठेवला आणि भिंतीस 'कै. सौ. मैनाबाई खळदकर' हे नाव देत असल्याचे जाहीर केले. टाळ्या झाल्या. अध्यक्षाने मध्ये बोलायचे नसते, शेवटी दोन शब्द सांगायचे असतात, एवढे अर्जदारास माहीत होते. भोसरीच्या कारखान्यात तो लेथवर होता. स्वेच्छानिवृत्ती घेताना त्याचा निरोपसमारंभ झाला, त्याशिवाय आयुष्यात व्यासपीठावर तो चढलेला नाही.

६. त्यानंतर आपण स्वतः नकाशा लावून भिंत समजावून सांगितलीत. शेवटी आपण म्हणालात, "अर्थात इकडे पाणी अडले की वळणाच्या खाली पातळी थोडी वाढेल." कुणीतरी विचारले, "थोडी म्हणजे?" आपण म्हणालात, "कंबरेएवढी धरून चला." श्री. गुर्जर म्हणाले, "वळणाच्या खाली अधिकृत असं कुणी राहत नाही ना पण." कुणी हसले नाही, आणि कुणी काही बोललेही नाही. आपण अर्जदाराकडे पाहिलेत. आपण पाहिलेत, हे अर्जदारास नक्की आठवते. अर्जदार नारळाकडे पाहत होता.

त्यानंतर हात वर झाले. अध्यक्षांचे दोन शब्द सांगायची वेळ आली तेव्हा बटाटेवडे येऊन पोचले होते. श्री. गुर्जर यांनी "काका भावनावश झाले आहेत" असे सांगून आभार मानले. इतिवृत्तात 'अध्यक्षांच्या संमतीने, सर्वानुमते' असे लिहिले आहे.

७. रीत आडवी आली, असे इथे लिहून थांबता आले असते. टंकलेखकानेही तेच सुचवले, "एवढं पुरे आहे, साहेब समजून घेतील." पण ते खरे नाही. अर्जदार भावनावश झाला नव्हता. त्याला आनंद झाला होता. मैनाबाईचे नाव कधी कुठे लागले नाही. दारावरच्या पाटीवर अर्जदाराचे आणि मुलगा सुदर्शनचे नाव आहे, गॅसचे कार्ड अर्जदाराच्या नावे, आणि लग्नपत्रिकेत तिचे माहेरचे नाव चुकीचे छापले होते. आता दगडावर कोरलेले नाव येणार, येणारेजाणारे वाचणार, म्हणून अर्जदार खूष होता. कंबरेएवढे पाणी कुणाच्या दारात जाणार हे त्याला त्याच क्षणी कळले होते. तरी तो खूष होता.

८. पुढच्या आठवड्यात तो वाघोलीच्या बाजूला पाटी कोरणाऱ्याकडे जाऊन काळा दगडही पसंत करून आला. कारागिराने विचारले, "अक्षरं सोनेरी की पांढरी?" अर्जदार म्हणाला, "सोनेरी." कॉलनीत नावावर ई-मेलने चर्चा सुरू झाली. एका निवृत्त शिक्षकांचे म्हणणे पडले की मैनाबाई हे नाव पाटीवर शोभत नाही, 'मैनावती' करावे. दुसऱ्यांनी 'जलदुर्गा' अशी पदवी सुचवली. भिंतीवर पळण्याचा ट्रॅक करावा आणि मध्यभागी ताट-पळीचे शिल्प बसवावे, अशीही सूचना आली. सुदर्शन संगणकावर हे वाचून दाखवत होता. मध्येच थांबून म्हणाला, "बाबा, आई हे वाचून केवढी हसली असती." अर्जदाराने त्याला गप्प केले. 'मैनावती' हे नाव खरोखरच बरे दिसेल का, याचा तो मनाशी विचार करत होता.

९. याच सुमारास आपल्या कचेरीच्या लोकांनी आखणीच्या खुंट्या ठोकल्या. लाल टोकाची शेवटची खुंटी कॉलनीच्या कुंपणाच्या कोपऱ्यावर आहे. तिथून खाली वस्तीची वाट सुरू होते. एका सकाळी अर्जदार तिकडे फिरायला गेला असता त्या खुंटीला हळदकुंकू लावलेले दिसले. पुढे झेंडूची फुले आणि फोडलेला नारळ होता. मुक्ताई आणि आणखी चार बायका तिथे उभ्या होत्या. अर्जदाराला पाहताच त्यांनी डोक्यावर पदर घेतला. मुक्ताई म्हणाली, "बाबा, बाईनं जाता जाता भिंत दिली बघा आमाला. ही पहिली खुंटी. इथून आमच्याकडं सुरू होणार हाय न्हवं?"

वस्तीतल्या लोकांनी शेवटची खुंटी पहिली समजली आहे. कॉलनीला भिंतीची गरजच काय, त्यांचे मजले उंच आहेत. ज्यांच्यासाठी बाई गेल्या त्यांच्यासाठीच बाईंच्या नावाची भिंत होणार, असा त्यांचा सरळ हिशेब आहे. त्यात काही चूक आहे असे अर्जदारास दाखवता आले नाही. तो "हो" म्हणाला. बायकांनी त्याच्या पायाला हात लावला. त्याने लावू दिला.

१०. त्या दिवसापासून अर्जदाराच्या घरी मुक्ताई भांडी घासून झाल्यावर जाताना मैनाबाईच्या फोटोपुढे उभी राहते. अर्जदार तेवढ्या वेळात गॅलरीत जाऊन उभा राहतो.

११. पंधरा दिवसांपूर्वी अर्जदार हरकत देण्यासाठी आपल्या कचेरीत आला होता. खिडकीवरचे गृहस्थ कागद चाळून म्हणाले, "आजोबा, ठराव तुमच्याच अध्यक्षतेखाली झालाय. आपल्याच ठरावाला आपणच हरकत घेताय, कमाल आहे." अर्जदाराने विचारले की निदान नाव तरी काढता येईल का. गृहस्थ म्हणाले, "नाव काढायचं तर ज्यांचं नाव आहे त्यांचा अर्ज लागतो." मग वर पाहून त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवून पाणी विचारले. माणूस वाईट नव्हता. मैनाबाईचा अर्ज आणता येत नाही म्हणून अर्जदार हा अर्ज थेट आपणाकडे करीत आहे. पण तिला असा अर्ज करावा लागलाच नसता. ती ताट घेऊन उभी राहिली असती.

१२. तरी आपणास विनंती आहे की,

(अ) भिंतीवरून मैनाबाईचे नाव काढावे. ज्या दारांपुढे तिने ताट बडवले, त्याच दारांत पाणी घालणाऱ्या भिंतीवर ते असू नये. भिंत वळणाच्या टोकापर्यंत गेली तरीही नाव नको. तिला ते मागायला गेलेले कुणी पाहिले नाही.

(आ) इतिवृत्तातील 'सर्वानुमते' हा शब्द खोडून 'अध्यक्षांची हरकत' अशी नोंद घ्यावी. अध्यक्षास हरकत घेता येत नसेल, तर अर्जदाराचे अध्यक्षपद रद्द करून तो मागच्या रांगेत बसला होता असे धरावे. तो तिथेच बसला होता.

(इ) दुसरी सुनावणी वस्तीत, हापशापुढच्या मोकळ्या जागेत, कामगारांच्या सुटीच्या दिवशी घ्यावी. तिची सूचना देणारी जीप फाटकापाशी वळू नये. चिखल असेल तर अर्जदार पुढे चालून वाट दाखवील.

(ई) भिंत वस्तीच्या टोकापर्यंत न्यावी. ते होत नसेल तर बांधू नये. वर्गणीचा प्रश्न असल्यास अर्जदाराच्या निवृत्तीचे काही पैसे शिल्लक आहेत. ते भिंतीला पुरणार नाहीत हे त्याला समजते. श्री. गुर्जर यांच्या आईंनी तळमजल्यावरच राहावे असे त्याचे म्हणणे नाही. अर्जदाराचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि सुदर्शन व नम्रता कंपनीजवळ घर पाहत आहेत. आईंनी इथे यावे. अर्जदार खाली राहील.

गुढीपाडव्याला भूमिपूजन ठरले आहे आणि नारळ अर्जदाराच्या हस्ते फोडायचा आहे. त्याआधी आपला निर्णय कळावा. न कळल्यास अर्जदार त्या दिवशी शेवटच्या खुंटीपाशी उभा असेल. नारळ फोडणार नाही.

आपणासमोर मान खाली घालून,

श्यामसुंदर विठ्ठल खळदकर
निळकंठ कॉलनी, नदीकाठ, सिंहगड रस्ता, पुणे
दि. २२ फेब्रुवारी २००७

सोबत :
१. दगडी पाटीचे काम रद्द केल्याची कारागिराची चिठ्ठी.
२. सुनावणीत मिळालेली शाल. (नारळ घरी खवून संपला. तेव्हा हे काही सुचले नव्हते.)

ता.क. हा अर्ज देण्याआधी वस्तीत जाऊन खरे सांगायचे, असे अर्जदाराने ठरवले होते. काल संध्याकाळी तो गेलाही. मुक्ताई घराबाहेर चुलीपाशी बसली होती. तिने पोते अंथरले, चहा टाकला आणि मैनाबाईचे ते ताट आतून आणून दाखवले. पुरानंतर ते गाळात सापडले होते. म्हणाली, "घासून ठेवलंय बाबा. भिंत झाली की न्या." अर्जदार चहा पिऊन परत आला. ती शेवटची खुंटी आहे, हे मुक्ताईला सांगायचे अजून राहिले आहे.