ऑड्रीची पहिली रायफल आणि घरातले दोन तज्ज्ञ

तीर्थस्वरूप फ्लोरियनदादास,

धाकट्या लोडीचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना कळ येते असं मागच्या वेळी फोनवर म्हणाला होतास, आणि तुझ्या त्या ॲरिझोनातल्या घराला तर जिनाच नाही, तेव्हा तू नेमका कुठे चढायला जातोस याची मला काळजी लागून राहिली आहे. खजुराची पेटी पोचली. एल्डनने निम्मे खजूर बसल्या बैठकीला संपवले आणि मग ते कवळीला चिकटतात म्हणून तुझ्या नावाने खडे फोडले. यावरून त्याची तब्येत ठणठणीत आहे हे तू ओळखशीलच. माझं ब्लडप्रेशर मात्र वाढलं आहे. डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा. मीठ कमी करून काय होणार? नवरा आणि मुलगा कमी करता आले असते तर गोष्ट वेगळी.

तर आपली ऑड्री (आमच्या डॅरिलची थोरली. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते) यंदा बारा वर्षांची झाली. शिकारीच्या सुरक्षिततेचा वर्ग तिने पार पाडला, आणि परीक्षेत एकही उत्तर चुकलं नाही. (डॅरिलला त्या परीक्षेला दोनदा बसावं लागलं होतं, हे मी घरात कुणालाच विसरू देत नाही.) चार वर्षांची असल्यापासून ही पोर दर नोव्हेंबरात खिडकीच्या काचेला नाक लावून बसते आणि शिकारीच्या कॅम्पवरून ट्रक परत येण्याची वाट बघते. यंदा तिचं नारिंगी जाकीट आलं, टोपी आली, लोकरी मोजे मी स्वतः विणले. राहिली होती फक्त रायफल. आता बारा वर्षांच्या मुलीला हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायची, ही काय राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे? पण आमच्या घरात ती झाली.

एल्डनचं म्हणणं, मोठी घ्या. त्याच्या स्वतःच्या रायफलीएवढी, थर्टी-ऑट-सिक्स. हरीण उभ्या जागी पडलं पाहिजे. डॅरिलचं म्हणणं, लहान घ्या, टू-फॉर्टी-थ्री, तिचा मागे धक्का कमी बसतो, पोरीच्या खांद्याचा विचार करा. यावर एल्डन म्हणाला, "त्याने काय, हरणाला गुदगुल्या करायच्या?" डॅरिल म्हणाला, "बाबा, गेल्या वर्षी तुमच्या तोफेने तुम्ही झाड मारलंत." झालं. जून महिना यात गेला. जुलै गेला. शुक्रवारी मासे खायला चर्चच्या हॉलमध्ये जावं, तर तिथे अख्खं टेबल दोन पक्षांत वाटलं गेलेलं. तळलेला मासा गार होतोय, आणि एल्डन बटाट्याचे काप मांडून हरीण कुठे, वारा कुठला, गोळी किती खाली येणार हे दाखवतोय. फादर चुकून आमच्या टेबलाशी थांबले. त्यांनीही मत दिलं! (मोठीच घ्या म्हणाले. क्षमा आणि शांतीवर त्यांनी त्याच आठवड्यात प्रवचन दिलं होतं.) सूनबाई शहाणी. ती या विषयात तोंड घालत नाही, वाढून घेते आणि जेवते. आणि ज्या पोरीसाठी हे सगळं चाललं होतं, तिला एकानेही काही विचारलं नाही. मीही नाही, हे कबूल करते, पण मला वाटलं दोन बाप्ये आहेत, एखाद्याला तरी सुचेल.

शेवटी ऑगस्टात सगळे मर्लच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. मर्लने काउंटरवर रायफली ओळीने मांडल्या. एल्डनने एक उचलून स्वतःच्या खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि भिंतीवरच्या भुसा भरलेल्या अस्वलावर नेम धरला. मग डॅरिलने दुसरी उचलून त्याच अस्वलावर नेम धरला. मग दोघांनी अदलाबदल केली. ते अस्वल दुपारभरात इतक्या वेळा मेलं की मला त्याची दया आली. मर्लने ऑड्रीला काय दाखवावं? गुलाबी दस्त्याची रायफल. म्हणे मुलींना ही आवडते. ऑड्रीने ती नीट पाहिली आणि विचारलं, "गुलाबी रंग हरणांना आवडतो का?" मर्ल म्हणाला, "नाही गं." "मग मलाही नको."

घेतली अखेर एल्डनने म्हटली तीच. पैसे तो देत होता, त्यामुळे लोकशाही तिथेच संपली. वर दुर्बीण बसवून दिली. दस्ता तिला एवढा लांब, की चापापर्यंत बोट जेमतेम पोचत होतं. मी तसं म्हटलं, तर एल्डन म्हणाला, "वाढेल की ती! दरवर्षी नवी घ्यायची का?" दादा, मला एकदम आपली आई आठवली. नन्सच्या शाळेचा तो निळा गणवेश दोन मापं मोठा आणायची आणि हेच म्हणायची, वाढशील त्यात. मी काही वाढले नाही. आठवीपर्यंत त्या झग्याच्या बाह्या दुमडत राहिले. पण झग्यात पोर लपते, फार तर मैत्रिणी हसतात. रायफल काय करते ते ऐक.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे नेमाच्या सरावाला खडीच्या खाणीवर गेले. मी मागे ट्रकपाशी थर्मास घेऊन उभी. एल्डनने रायफल ऑड्रीच्या उजव्या खांद्याला टेकवली, तिची मान वाकडी करून दुर्बिणीला डोळा लावून दिला आणि म्हणाला, "श्वास सोड, आणि हळूच दाब." तिने दाबलं. रायफल अशी काही मागे आली की दुर्बिणीची कड तिच्या भुवईत घुसली. रक्त. खांद्यावर आलुबुखाराएवढा जांभळा डाग. पोर रडली नाही. रायफल खाली ठेवली, सुरक्षेचा खटका तपासला (वर्गात शिकवल्याप्रमाणे), आणि ट्रकमध्ये जाऊन बसली. बाहेर हे दोघं काय करत असतील? दुर्बीण कुणी चुकीची बसवली यावर भांडत होते.

संध्याकाळी सूप वाढत असताना ऑड्री अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, यंदा मी कॅम्पला नाही जात. तुला भोपळ्याचा गोड पाय भाजायला मदत करीन." आठ वर्षं काचेला नाक लावलेल्या पोरीने हे म्हणावं! दादा, मला भोपळ्याचा पाय करायला गेल्या चाळीस वर्षांत कुणाची मदत लागलेली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती खरंच माझ्या शेजारी सफरचंदं सोलायला बसली. मी बघत होते. सोलणी तिच्या डाव्या हातात, आणि सोलणीची धार उजव्या हातासाठी केलेली; साल निघेना. मनगट उलटं करून, कोपर वर काढून, नाकपुड्या फुगवून ती झगडत होती. आणि मला एकदम माझ्या बोटांवर पट्टी बसल्यासारखं झालं. तुला सिस्टर पॉलिकार्प आठवते? माझा डावा हात पाठीशी माझ्याच रिबिनीने बांधून ठेवायची आणि वर्गाला सांगायची, लोडी आता देवाच्या हाताने लिहायला शिकणार. (शिकले. माझं अक्षर त्यामुळेच असं आहे. तू नेहमी म्हणायचास, कोंबडी शाईत पाय बुडवून गेली.) मी ऑड्रीला म्हटलं, बाळा, तू डावखुरी आहेस. ती म्हणाली, "हो." आजोबांना सांगितलंस का? "सांगितलं. ते म्हणाले, रायफल उजव्याच हाताने धरायची असते."

रात्रीच्या जेवणाला मी ही बातमी टेबलावर ठेवली. एल्डनचा चमचा हवेतच राहिला. "डावखुरी? केव्हापासून?"

"जन्मापासून, आजोबा," ऑड्री म्हणाली.

बारा वर्षं पोर डाव्या हाताने सूप पिते, डाव्या हाताने चेंडू फेकते, रविवारी एल्डनच्याच शेजारी बसून डाव्या हाताने पत्ते टाकते. पाचशे पावलांवरून हरणाचं शिंग मोजणाऱ्या दोन तज्ज्ञांना हे दिसलं नाही! डॅरिलने मान खाली घातली. एल्डन उठून गोठवलेलं मांस नीट आहे का ते बघायला तळघरात गेला, आणि बराच वेळ बघत राहिला. मग मर्लला फोन झाला. डाव्या हाताची, म्हणजे काडतूस भरायचा दांडा डावीकडे असलेली रायफल मागवावी लागेल, ख्रिसमसनंतर येईल. हंगाम तर नोव्हेंबरातच, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. ऑड्री म्हणाली, "चालेल, पुढच्या वर्षी बघू," आणि नारिंगी जाकीट घडी करून कपाटात ठेवून आली. ते घडी करणं मला पाहवलं नाही.

असो. तुला हे सगळं उगाच सांगत बसले. मन मोकळं करायला माणूस लागतं, आणि इथल्या माणसांशी मी सध्या बोलत नाही. तुझ्याकडून काही हवं म्हणून लिहिलेलं नाही. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
लोडी

ता. क. आपल्या बाबांची जुनी रायफल अजून तुझ्या टीव्हीच्या वर टांगलेली आहे ना? चापाखालची कडी खाली-वर केली की काडतूस भरतं, ती. तिला डावा-उजवा कळत नाही. दुर्बीणही नाही. तुझ्या पहिल्या हंगामाला बाबांनी तिचा दस्ता करवतीने कापला होता, आठवतं? मी दुसरं टोक धरून बसले होते आणि माझ्या केसांत भुसा गेला होता. बाबा म्हणाले होते, पोराने बंदुकीएवढं व्हायचं नसतं, बंदुकीने पोराएवढं व्हायचं असतं. तू उंच झाल्यावर तोच तुकडा त्यांनी दोन स्क्रूंनी परत बसवला. ती फट अजून दिसते. ते स्क्रू काढायला कितीसा वेळ लागेल?

ता. क. दोन. पोस्टात विचारलं. काउंटरवरच्या बाईने बंदूक हा शब्द ऐकताच माझ्याकडे असं पाहिलं की मी तिकिटं घेऊन परत आले. तेव्हा ती पाठवता येणार नाही असं धरून चाल. गाडीने आणावी लागेल. रस्ता लांब आहे, मला माहीत आहे. वहिनी गेल्यापासून तू तीन हिवाळे इकडे फिरकला नाहीस, तेही मला माहीत आहे. कॅम्पमधली तुझी खुर्ची कुणी वापरत नाही. एल्डन तिच्यावर ओले मोजे वाळत घालतो, पण ते मी काढायला लावीन.

ता. क. तीन. (हे आजीने लिहिलेलं नाही. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं होतं. डाव्या हाताने लिहिलं की शाई पुसली जाते, त्याबद्दल सॉरी.) फ्लोरियनआजोबा, तुमच्या गावातल्या बंदुकीच्या दुकानातून मर्लच्या दुकानात रायफल रीतसर पाठवता येते, चार दिवसांत पोचते. मर्लने आजीला हे माझ्यासमोर सांगितलंय. ती म्हणाली, मला ऐकू आलं नाही. तर तुम्हाला ठरवायचं ते ठरवा. पण आजीने वरच्या खोलीतल्या पलंगावर नव्या चादरी घातल्यात, आणि मी जाकीट परत बाहेर काढलंय.