जिक्राच्या गेममधली खुर्ची

पनवेल
बुधवार, १२ ऑक्टोबर २०११

जिक्राच्या अब्बांना,
अस्सलामु अलैकुम.

सुकट बांधता बांधता लिहिते आहे. दोन पिशव्यांत घातली आहे. अरीबच्या कपड्यांना वास लागला तर तो पुन्हा काही न्यायचा नाही. त्याची सुट्टी संपली, विमान उद्या दुपारी आहे. परवा तो हे पत्र घेऊन तुमच्याकडे येईल.

जिक्राने गेम बदलला आहे. तोच, कॉम्प्युटरवर स्क्रॅचमध्ये ठोकळे जोडून केलेला. बॅग घेतलेला माणूस उरण नाक्यावरून निघतो, रिक्षा आणि शेळ्या चुकवत घरी पोचतो. ओटीवर निळ्या खुर्चीत दादी. ती "जेवलास का?" विचारते आणि माणूस जिंकतो.

मागे शेळी भिंतीतून जात होती, ते तुम्हीच पकडलंत. स्क्रॅचच्या साइटवर गेमखाली तुम्ही चुका लिहिता, त्याची ती वाट बघते.

आज तिने खुर्ची ठेवली, दादी काढली.

"दादीला परत बसव," मी म्हटलं.

"मग तू अब्बांना खरं सांग. मी खोटं नाही घालणार."

"शेळ्या उडवतेस, ते खरं?"

"शेळ्या कोणाला फसवत नाहीत, अम्मी."

गेम तिने दुपारीच साइटवर टाकला. काढ म्हटलं तर ऐकत नाही. तुम्ही शुक्रवारी सुट्टीला कॉम्प्युटरवर बसता, त्याआधी हे पत्र मिळावं.

फोनवर तुम्ही विचारता, आम्मी कुठे? मी सांगते, नमाजला बसल्या आहेत. तुम्ही म्हणता, मग राहू दे. ईदलाही तेच झालं.

तुमच्या आम्मी रमजानच्या आधी, शाबानमध्ये गेल्या. झोपेतच. थोरले भाऊजी म्हणाले, पासपोर्ट कंपनीकडे, सुट्टी मिळायची नाही, तिथे एकटा रडत बसेल, आल्यावर सांगू. मोहल्ल्यात सगळे असंच करतात. अरीबचे वडील गेले तेव्हा तिकडे तुम्हीच त्याला कळू दिलं नव्हतं. आम्मींच्या जनाज्याला तुमच्या जागी त्याने खांदा दिला. घरी येऊन त्याने एवढंच विचारलं, "मुबारकभाईंना कधी सांगणार?"

मी त्याला पाणी आणायला उठले.

आम्मींची जपमाळ सुकटीच्या पिशवीत नाही, वेगळी दिली आहे. अरीबकडून मागून घ्या. पत्र वाचल्याशिवाय गेम उघडू नका.

माझ्यावर रागवा, पण जिक्राला फोन करा.

तुमची
मुबीना

गुरुवार सकाळ. अरीबची रिक्षा खाली उभी आहे. जिक्राने कॉम्प्युटर लावला. शुक्रवारची वाट न बघता तुम्ही रात्रीच गेम खेळलात. खाली लिहिलं आहे: "माणूस घरी पोचतो, पण गेम संपत नाही. खुर्चीत आम्मी दिसत नाही. चूक आहे, बेटा. दुरुस्त कर." जिक्राने ते मला वाचून दाखवलं आणि उत्तर माझ्यावर सोडलं. ती शाळेत गेली.