जपानी देवदाराच्या साठ काड्या

कोरीट, ता. जि. नंदुरबार
१४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
कामिनीचा सा. न. वि. वि.

तुझं पार्सल काल मिळालं. साठच्या साठ काड्या ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या, एकही सुकलेली नाही. पोस्टमनला वाटलं डोंगरातून जडीबुटी आली. कालिंपोंगहून जपानी देवदाराचे शेंडे आलेत म्हटल्यावर तो बसलाच, सगळं ऐकून आणि चहा घेऊन गेला.

आप्पांचा उत्साह विचारू नकोस. चार वर्षांपूर्वी तू आणलेली चार झाडं नर्सरीच्या फाटकाशी ड्रममध्ये उभी आहेत ना, त्यांच्यासमोर नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्यांच्या गाड्या थांबतात. बंगल्यासमोर बारमाही हिरवं असं काहीतरी सगळ्यांना हवंय. आप्पा ती चार विकत नाहीत आणि त्यांच्या जवळ कुणाला कात्रीही नेऊ देत नाहीत. म्हणून तुझ्याकडून काड्या.

आता माझी बातमी. नाशिकच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून माझी निवड झाली रे! एक मार्चला हजर व्हायचंय. आप्पा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले की काड्यांना मुळं फुटेपर्यंत थांब, माझी बोटं आता वळत नाहीत. मी कबूल केलं. आई गेल्यापासून दोन वर्षं या नर्सरीत आम्ही दोघंच आहोत, तीन महिन्यांनी काय होतंय?

तुझ्या रोपवाटिकेत रेंज नाही, आणि इथे मी फोन कानाला लावला की आप्पा शेजारी येऊन बसतात. म्हणून पत्रच बरं. तुझा लोभ पार्सलबरोबर पोचतो आहे, तो तसाच येत राहू दे.

तुझी,
कामिनी


कालिंपोंग
२ डिसेंबर २०२४

चि. कामिनीस,
अनेक आशीर्वाद.

नर्सबाई, अभिनंदन! लहानपणी माझ्या गुडघ्याला हळद लावताना फुंकर इतक्या जोरात मारायचीस की हळद उडून जायची. नाशिकच्या पेशंटांचं देव भलं करो.

काड्यांचं नीट ऐक. निम्मी वाळू, निम्मा कोकोपीट. खालची पानं खुडून बुडाला मुळं फुटायची पावडर लाव. वरून प्लॅस्टिक, त्यावर हिरवी जाळी. दिवसातून चार वेळा फवारा, पण पाणी साचू द्यायचं नाही. आणि मुख्य म्हणजे शंभर दिवस एकाही काडीला हात लावायचा नाही. मूळ आलं का म्हणून उपटून बघणारे लोक मी इथे रोज पाहतो, त्यांची एक काडी लागत नाही. थंडीत पानं तांबूस होतील, घाबरू नकोस. ऊन वाढलं की परत हिरवी होतात.

यंदाही मला रजा नाही. तू तिथे आहेस म्हणून मी निर्धास्त आहे बघ. आप्पांना नमस्कार सांग, आणि या भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धीरज


कोरीट
२० जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझ्या हातून काहीतरी चुकतंय. निम्म्या काड्या बुडाशी काळ्या पडल्या. सगळं तू सांगितलंस तसंच केलं. घड्याळ लावून फवारा मारते. सकाळी सहा, दहा, दोन, संध्याकाळी पाच. त्यामुळे नंदुरबारला जायचं तरी दहाचा मारून निघायचं आणि दोनच्या आत परतायचं. पथाऱ्यांवर मिरची वाळतेय, रस्ताभर शिंका, आणि रिक्षात बसून मी घड्याळ बघतेय. मैत्रिणीच्या हळदीला गेले नाही. प्लॅस्टिकखाली काड्या आणि जाळीखाली मी, दोघी कोंडलेल्या.

आप्पा रोज विचारतात, लागल्या का म्हणून. नाही म्हटलं की चेहरा पडायला हवा ना? पडत नाही. उलट त्या दिवशी भाकरी एक जास्त खातात. मला त्यांचं काही कळेनासं झालंय.

हॉस्पिटलला विनंती केली, त्यांनी पंधरा मार्चपर्यंत मुदत दिली. त्यानंतर जागा दुसऱ्या कुणाला देणार, असं स्पष्ट लिहिलंय. दादा, मला जायचंय रे. फार जायचंय. सत्ताविसावं संपत आलं. इतकं रडगाणं गायलं तरी माझ्यावर लोभ ठेव.

तुझी,
कामिनी


कोरीट
२४ जानेवारी २०२५

चि. धीरजले,
आप्पाना आशीर्वाद.

कामिनी नंदुरबारले गई तवय लिखी ऱ्हायनू. फोन तिन्हाच हातमा ऱ्हास, त्यामा बोलता येत नही.

खरं सांगस. काड्या मरन्यात नहीत, मी मारी ऱ्हायनू. रोज सकायले ती उठाना आधी दोन-चार उपटीसन देखस. मूळ दिसनं की नखघाई तोडस, मंग परत खोसी देस. काय करू भाऊ? तुन्ही माय गई, तू तठे डोंगरमा. ही बी गई त मी चहा कोनासंगे पिऊ?

जाय म्हणाले जीभ उठत नही. नको जाऊ म्हणाले तोंड नही, पोर इतली शिकेल शे.

तू आखो साठ काड्या धाड. मी मांग्यात असं तिले सांगू नको, तुन्हा मनथून धाड्यात असं लिख. बापवर राग धरू नको, माया ऱ्हाऊ दे.

तुन्हा बाप,
शांतीलाल


कालिंपोंग
८ फेब्रुवारी २०२५

चि. कामिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तुझं काही चुकलं नाही, आधीच्या काड्या जरा कोवळ्या होत्या. मीच आपल्या मनाने नव्या साठ पाठवतोय, या चांगल्या जून आहेत. एवढा एक ट्रे लाव. नाशिक कुठे पळून जातंय? हॉस्पिटलं काय, कुठेही मिळतात. आप्पांचंही वय झालं, तेही बघायला हवं.

जास्त काय लिहू. भावावर विश्वास आणि लोभ दोन्ही असू दे.

तुझा,
धीरज


कोरीट
२५ फेब्रुवारी २०२५

दादा,

नमस्कार वगैरे आज राहू दे.

पार्सल सतरा तारखेला आलं, तुझं पत्रही त्यातच. उरलेल्या काड्याही मरून रिकामा झालेला ट्रे आप्पांनी पंधरालाच धुऊन, नवी वाळू चाळून, कोकोपीट भिजवून ठेवलं होतं. तुझ्या मनात आलं ते त्यांना दोन दिवस आधी कसं कळलं? सांग ना!

जुनी वाळू मी टाकण्याआधी बोटांनी चाळली. तिच्यात पांढरी मुळं होती. अर्ध्या बोटाएवढी, नखाने खुडलेली. म्हणजे काड्या लागल्या होत्या. माझ्या हातून लागल्या होत्या! मी दोन महिने स्वतःला दोष देत होते.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम लवकर उठून खिडकीत उभी राहिले. आप्पा ट्रेपाशी उकिडवे बसले होते. नव्या काड्यांना आठ दिवसही झाले नाहीत, मूळ कुठलं असायला? तरी एकेक काढून, डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. नंतर आत येऊन माझ्यासाठी चहा ठेवला. त्यांच्या हाताचा चहा प्यायला आणि सहाचा फवारा मारला. मारला रे, इतकी माझी सवय झालीय.

त्यांचं मी समजू शकते. तुझं नाही. मी इथे असले की तुला यावं लागत नाही, तू तसं लिहिलंही होतंस आणि मला ते प्रेम वाटलं. पंधरा मार्चला मी नाशिकला हजर होणार. रजा मिळव नाहीतर मिळवू नकोस, आप्पा तुझेही आहेत.

लोभाचं नंतर बघू.

कामिनी


कोरीट
१३ मार्च २०२५

ती. आप्पांस,
कामिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

एकाच घरात राहून पत्र लिहिते आहे, हसू नका. तुम्ही दाढी करायला गावात गेलात तेवढ्यात लिहून चहाच्या डब्यावर ठेवते.

उद्या सकाळी मी निघते. शेजारच्या वत्सलाबाई दोन वेळा स्वयंपाक करून जातील, त्यांच्याशी बोलले आहे. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर, आधी नाही. दादाला दहा दिवसांची रजा मिळाली, तो सोमवारी पोचेल. त्याला माझ्यासारखं तिखट लागत नाही. नव्या काड्या लागतील की नाही मला माहीत नाही, आणि आता मी विचारणारही नाही.

वाळूतली मुळं मी पाहिली आप्पा. तुम्हाला पहाटे पाहिलं. खूप राग आला, अजून आहे. आणि त्या रागातच तुमच्या पाठीवर शाल टाकावीशी वाटत होती, थंडी किती होती त्या दिवशी.

चार महिन्यांत तुम्ही एकदाही जाऊ नको म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर मी नाशिकला नकार कळवला असता. रडले असते, आदळआपट केली असती, पण राहिले असते. अजूनही राहीन, याचीच मला भीती वाटते.

म्हणून एक मागणं आहे. हे वाचल्यावर माझ्याशी या विषयावर बोलू नका. उद्या आठला फत्तेसिंगची रिक्षा येईल, तेव्हा तुम्ही मागच्या वाफ्यांत काहीतरी काम काढा. तुम्ही नुसतं नाव घेऊन हाक मारलीत तरी मी बॅग खाली ठेवीन, आणि मग जन्मभर तुम्हाला क्षमा करणार नाही.

माझ्यावर लोभ असू द्या. फाटकापर्यंत मात्र येऊ नका.

तुमची,
कामिनी