छज्ज्याखालची सावली

विश्रामबाग, सांगली

प्रिय पल्लू,

साताऱ्याहून पाठवलेले कंदी पेढे मिळाले. डॉक्टरांनी माझं गोड बंद केलंय, हे तू दर वेळी सोयीस्कर विसरतेस आणि मीही आठवण करून देत नाही. या वेळी मात्र एकही तोंडात टाकला नाही. डबा शेजारच्या पोरांना दिला.

मागच्या आठवड्यात कवठे महांकाळची एसटी पकडून मी रंगुबाईंकडे गेलो होतो. तुला न विचारता गेलो. रागावशील तर रागाव. त्यांचा नवरा धुळा दुपारी मेंढरं बसवून समाजमंदिराच्या छज्ज्याखाली सावलीला टेकला, आणि तू आखून दिलेला तो छज्जा त्याच्या अंगावर आला. त्यात तो गेला, त्याला आता वर्ष होईल. मी तुझा बाप, हे कळल्यावरही रंगुबाईंनी घोंगडं अंथरलं, चहा टाकला. म्हणाल्या, “सलाबच्या दिशी बाईसाब येनार म्हनून आमच्या मालकांनी ताक ठिवलं व्हतं. लय वाट बघितली. का आल्या न्हाईत वो त्या?”  चहा तसाच राहिला.

तुला आठवतं, इंजिनिअरिंग कॉलेजात असताना जेवताना तू पोळी एका काठाला धरून दाखवली होतीस? पुढे आलेला भाग असा खाली वाकतो, म्हणून छज्ज्यात सळ्या वरच्या अंगाला हव्यात. माणसं सळ्यांवरून चालतात, त्या दबून खाली जातात, म्हणून काँक्रीट ओतताना आपण तिथं उभं राहायचं, म्हणालीस. पोळी गार झाली, आई ओरडली. माझी लेक कुणाचं छप्पर पडू देणार नाही, या विचाराने मी दोन घास जास्त जेवलो होतो.

त्या स्लॅबचं काँक्रीट गुड फ्रायडेला ओतलं. त्या दिवशी तू इथं चर्चमध्ये होतीस, दर वर्षीसारखी. वधस्तंभावरच्या पाचव्या उद्गारानंतरचं, ‘मला तहान लागली आहे’ यानंतरचं गाणं तुझं असतं. इतकं सुंदर म्हटलंस, की मी रडलो. आता ते गाणं आठवलं तरी मला रंगुबाईंचं ताक आठवतं.

या रविवारी प्रभुभोजन होतं. कुणाशी काही राहिलं असेल तर आधी मिटवून यायचं, ही आपली रीत. भाकरीचं ताट माझ्यापुढं आलं. मी न घेता पुढे दिलं. पाळकांनी ते पाहिलं.

कारण परवा तुझ्या वकिलांचा फोन आला होता. काँक्रीट ओततायत हे तुला कुणी कळवलंच नाही, असं तू लिहून दिलंयस म्हणे. सगळा दोष ठेकेदार तानाजीवर. मी कोर्टात इतकंच सांगायचं, की उपासनेत तुझा फोन बंद होता. पल्लू, मी तुझ्या शेजारी बसलो होतो. फोन थरथरला, तू व्हरांड्यात गेलीस. तुझ्यामागे दार लोटायला मी उठलो, तेव्हा तुझे शब्द ऐकले: “होऊ द्या तानाजीराव, मी उद्या येऊन बघते.” बोलावतील तेव्हा मी कोर्टात येईन, आणि ऐकलं तेच सांगेन. ते तुला तिथं उभं राहून कळू नये, म्हणून हे पत्र. माझ्याआधी तू सांग. मग आपण दोघं रंगुबाईंकडे जाऊ. बाळा, तुझ्याविरुद्ध बोलायला मला उभं करू नकोस. मी उभा राहीन, म्हणून सांगतोय.

काही झालं तरी तुझाच,
पप्पा